माझ्या पोटाची बैठक

बेचाळिसाव्या वर्षी मला दिवस गेले. तेव्हा मुलगी बारावीत होती, मुलगा आठवीत, आणि मी अकोल्यात, जठारपेठेत, बायकांना गाडी चालवायला शिकवत होते. अजूनही शिकवते. पाळी चुकली तेव्हा वाटलं, वय झालं, आता हे असं मागेपुढे होणारच. मग सकाळी गाडीत शेजारी बसणाऱ्या बायकांच्या केसांच्या तेलाचा वास सहन होईना. हा प्रकार मी आधी दोनदा अनुभवला होता. औषधाच्या दुकानातून पट्टी आणली, दोन रेघा उमटल्या, पट्टी कागदात गुंडाळून टाकून दिली आणि पुढच्या बॅचला गेले.

संध्याकाळपर्यंत माझं ठरलं होतं. लोकांना वाटतं की अशा वेळी बाई खिडकीत बसून राहते, रडते, देवापुढे उभी राहते. काही जणी राहतही असतील. माझ्या डोक्यात एवढा गोंधळ नव्हता. मुलाच्या वेळी आठव्या महिन्यात माझं बीपी इतकं चढलं की मला झटके आले. बाळंतपणाला मी माहेरी, वलगावला होते. बाबांनी शेजारच्यांची जीप काढून मला अमरावतीला नेलं. शुद्धीवर आले तेव्हा पोरगा दुसऱ्या खोलीत काचेच्या पेटीत होता आणि आई माझे तळपाय घासत बसली होती. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आता पुन्हा नको.’ तेव्हापासून बीपीची गोळी रोज सुरू आहे.

नवऱ्याला मी दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. ते शिक्षक आहेत. शनिवारची सकाळची शाळा करून आले होते.

‘मले दिवस गेले,’ मी म्हटलं. ‘पुढच्या हप्त्यात अमरावतीले जाऊन मोकळी होऊन येतो.’

त्यांनी पहिलंच वाक्य ऐकलं. चेहरा असा उजळला की मला क्षणभर पाहवेना.

‘खरंच?’

‘दुसरंही ऐकलं का?’

‘ऐकलं.’ हातातला भाकरीचा तुकडा त्यांनी परत ताटात ठेवला. ‘पण घाई काहून? ठेवू ना. ठेवू म्हणतो मी.’

मुलगा हवा, वंश हवा असलं काही त्यांच्या मनात नव्हतं, हे आधीच सांगते. मुलगा होता, मुलगी होती. त्यांचं कारण निराळं होतं आणि ते खरं होतं. दोन्ही पोरं लहान असताना ते धारणीच्या पलीकडे एका आश्रमशाळेवर होते. शनिवारी एसटी मिळाली तर यायचे, नाही तर जीपमध्ये अंग चोरून. पावसाळ्यात रस्ता खचला की महिना महिना नाही. मुलगी पहिलं पाऊल टाकती झाली ते त्यांनी फोनवर ऐकलं. मुलगा तर त्यांना दारात पाहून आत पळायचा. बापाला पाहून पोर पळतं, ही सल माणसाच्या आत राहते. मला ती माहीत होती.

‘या बारीनं मी घरी हाय ना,’ ते म्हणाले. ‘आंघोळ, दूध, जागरण, सगळं मी करीन. तू फक्त...’

‘फक्त काय?’

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

‘तुमचं राहून गेलेलं बापपण माह्या पोटातून वसूल करता का?’

हे मी जरा जास्तच रोखठोक बोलले, असं पुढे मला दोन-तीन जणींनी सांगितलं. असेल. समोर ट्रक येत असताना हळू आवाजात ‘ब्रेक दाबा हं’ म्हणणारी बाई गाडी शिकवू शकत नाही, आणि घरी आल्यावर आवाज बदलायचा असं काही मला जमत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ती चूक केली, जी आमच्या भागातला माणूसच करू शकतो. त्यांनी मधल्या माणसाला फोन केला.

आमच्याकडे सोयरीक जमवणारा मधला माणूस लग्नाच्या पंगतीत जेवून मोकळा होत नाही. तो जन्माचा बांधला जातो. नवरा पिऊ लागला, सून रुसून माहेरी बसली, दोन भावांत वावर म्हणजे शेत वाटायचं निघालं, की फोन त्यालाच. मग तो दोन्हीकडची माणसं गोळा करतो आणि बैठक बसते. समोरच्या खोलीत सतरंजी, चहा, पानाचा डबा. बायका आत. जे ठरायचं ते बाहेर ठरतं आणि निरोप आत येतो. बैठकीची मी टिंगल करत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा मोडत आलेला संसार अशाच एका बैठकीनं सावरला. पण बैठकीत गेलेली गोष्ट सगळ्यांची होते. ती परत घरची होत नाही.

आमचा मधला माणूस म्हणजे माझ्या आईचा चुलतभाऊ. सत्तरी ओलांडलेला, निवृत्त तलाठी, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. त्यांचा मला फोन आला.

‘काय व पोरी, काय ऐकून राहिलो मी?’

‘तुमी काय ऐकून राहिले ते मले काय माहीत?’

‘आयतवारी येतो. तुह्या बापालेही घेऊन येतो. चार लोक बसू, बोलू. एवढं काय त्याच्यात.’

मी नवऱ्याकडे पाहिलं. ते बूट पुसत होते. दुसऱ्या दिवशी शाळेला सणाची सुट्टी होती, तरी ते बूट पुसत होते.

रविवारी चौघे जमले. मामा, माझे बाबा, माझे भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि नवरा. मुलगी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसली होती आणि दारही तेवढंच उघडं ठेवलं होतं. मी पोहे फोडणीला टाकले, चहा ठेवला. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. संत्र्याचा बहार कसा आहे, सोयाबीनला यंदा काय झालं, मूर्तिजापूरजवळ रस्ता कसा खणून ठेवलाय. मग मामांचा घसा खाकरल्याचा आवाज.

मी चहा नेला, सगळ्यांना दिला आणि सतरंजीच्या कडेला बसले.

आमच्याकडे भासऱ्यांसमोर सुनेनं खुर्चीवर बसू नये अशी रीत आहे. ती मी आजवर पाळत आले. सतरंजीवर बसू नये असं मला कुणी कधी सांगितलेलं नाही.

‘तू आत बस पोरी,’ मामा म्हणाले. ‘आमी बोलतो, मंग तुले सांगतो.’

‘काय बोलता?’

‘हेच आपलं. तेच ते.’

‘ते म्हणजे काय?’

मामांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पंख्याकडे पाहिलं. भासरे कॅलेंडर वाचू लागले.

‘मले दिवस गेले,’ मी म्हटलं. ‘ते ठेवायचं का पाडायचं, याच्यावर तुमी बोलून राहिले. त नाव घेऊन बोला. नाईतर ऐकणाऱ्याले वाटन का कोणाची म्हैस विकून राहिले.’

भासऱ्यांना चहाचा ठसका लागला. ‘बाईमाणसानं बैठकीत बसून असं...’

‘दादाजी, ज्याचं वावर त्याले मोजणीच्या वक्ती हजर राहाच लागते. मामाले इचारा, तलाठी होते ते.’

‘आता वावराचंच काढलं त,’ मामा जरा सावरून बसले, कारण हा त्यांचा प्रांत, ‘वावर तुहं असन पोरी, पण पेरा...’

एवढं बोलून ते थांबले. आपण कुठे येऊन पोचलो हे त्यांच्या लक्षात आलं. कान लाल झाले.

‘बोला ना मामा. पेरा काय?’

‘राम राम राम,’ मामा म्हणाले आणि पानाचा डबा उघडला.

मग बाबा बोलले. माझे बाबा कमी बोलतात. वलगावच्या काळ्या जमिनीत त्यांचं आयुष्य गेलं आणि घरात त्यांनी कुणाला फारसं अडवलं नाही. मी गाडी शिकायला निघाले तेव्हा नको म्हणाले होते. मी शिकले, तेव्हा गप्प बसले. मला वाटलं होतं, ते माझ्या बाजूनं बोलतील.

‘जावई मागून राहिले त ऐकावं थोडं,’ ते म्हणाले. ‘बापाचा हक्क असते पोरावर.’

‘असते ना बाबा. जलमलेल्या पोरावर असते. दोघं पोट्टे हायेत, दोघांवर बापाचा पुरा हक्क हाय, मी कधी नाई म्हटलं? हे पोर नाई अजून. हे मी आहो.’

‘डॉक्टर लोक भेववतातच,’ भासरे म्हणाले. ‘आमच्या मायले सात झाले.’

‘अन् राहिले किती, तेही सांगा.’

भासरे पुन्हा कॅलेंडरकडे वळले.

‘बाबा,’ मी म्हटलं, ‘झटके आले त्या दिवशी तुमी होते. हे धारणीले होते, दादाजी इथं होते. जीपमधी तुमी होते. सांगा या लोकायले मी कशी दिसत होती.’

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘तोंड वाकडं झालतं,’ ते म्हणाले. ‘मले वाटलं, गेली.’

त्यानंतर बाबा त्या बैठकीत एक शब्दही बोलले नाहीत.

पण मामा जुने माणूस. गाडी अशी अर्ध्यावर सोडणाऱ्यातले नव्हेत. पान जमवून त्यांनी मुद्दा पुढे घेतला. ‘तुहा जीव महत्त्वाचा, ते खरंच हाय. पण पोरी, सगळं एकटीनंच ठरवलं त मंग नवऱ्याले अर्थ काय राहिला? दोघांची गोठ हाय. दोघांचा शब्द पाहिजे.’

‘दोघांचा पाहिजे? बरं,’ मी म्हटलं. ‘मंग एक जुनी गोठ काढतो.’

नवऱ्यानं मान वर केली. त्यांना कळलं होतं मी काय काढणार ते, आणि मला थांबवता येणार नाही हेही.

मुलाच्या जन्मानंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मुलं थांबवायचं तुमचं ऑपरेशन आत्ता धोक्याचं आहे, मिस्टरांची नसबंदी करून घ्या, किरकोळ असतं, त्याच दिवशी घरी जातात. हे अमरावतीला दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत गेले आणि परत आले. मला म्हणाले, ‘माह्या शरीराची गोठ हाय, मले भेव वाटते.’

‘मी तवा काय म्हटलं होतं? सांगा ना यायले,’ मी नवऱ्याला म्हटलं.

‘ठीक हाय म्हटलं होतं.’

‘मामाले फोन केलता का मी?’

‘नाई.’

‘दादाजीले बलावून चहा पाजलता का, अन् म्हटलं होतं का, चार लोक बसा अन् यायच्या नसबंदीचं काय ते ठरवा?’

आतल्या खोलीतून मुलीचं हसू फुटलं आणि उशीत दाबल्यासारखं बंद झालं. मामा सुपारी चघळायची विसरले.

मी त्यांना त्या भीतीबद्दल कधी बोल लावलेला नाही. आजही लावत नाही. आपल्या अंगावर सुरी यायची म्हटल्यावर ज्याला भीती वाटते त्याला ती वाटू द्यावी. मी तांबी बसवून घेतली, तिनं रक्तस्राव होऊ लागला म्हणून काढली, आणि चाळिशी उलटल्यावर आता काय होतंय असं म्हणून आम्ही दोघंही निर्धास्त राहिलो. चूक दोघांची सारखी. पण त्या वेळी त्यांच्या शरीराचा निर्णय त्यांनी घेतला आणि मी तो ऐकून घेतला. एवढंच मला त्या सतरंजीवर सांगायचं होतं.

नवरा बोलला तो या सगळ्यानंतर. माझ्याकडे न बघता, सतरंजीच्या पट्ट्यांकडे बघत.

‘मले भेव वाटलं, तू ऐकलं. कबूल. पण माह्याजवळ काय हाय, सांग ना. पोट तुहं, जीव तुहा, तरास तुहा. मले निस्तं म्हणता येते. तेवढंही म्हणू नको का?’

त्या अख्ख्या बैठकीत ऐकण्यासारखं एवढं एकच वाक्य होतं. ते माझ्या काळजाला लागलं नाही असं मी म्हणणार नाही.

‘म्हणा ना,’ मी म्हटलं. ‘कितीही म्हणा. पण मले म्हणा. या लोकायले काहून?’

आजही मला वाटतं, बापाला या गोष्टीत बोलायचा हक्क आहे का, तर आहे. त्यानं बोलावं, भांडावं, हट्ट करावा, दहा वेळा विचारावं. बायकोनं ऐकावं. पण बोलण्याचा हक्क आणि ठरवण्याचा हक्क हे दोन वेगळे आहेत, आणि त्यांची गाठ मारली की बाई आतल्या खोलीत जाते आणि निरोपाची वाट बघत बसते. माझ्या नवऱ्याजवळ बोलण्याचा पूर्ण हक्क होता. तो त्यांनी तीन माणसांत वाटून टाकला, आणि त्या तिघांना वाटलं की आपल्याला मत मिळालं.

‘मंग काय ठरलं म्हणाचं?’ मामांनी शेवटी विचारलं. काहीतरी ठरल्याशिवाय उठायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता.

‘ठरवाचं काही नव्हतंच मामा. पोहे थंडे होऊन राहिले, खाऊन घ्या.’

ते खाऊन गेले. पोहे चांगले झाले होते, दुसऱ्यांदा मागून घेतले. निघताना बाबा दारात घुटमळले. मला वाटलं, काही समजावणीचं बोलतील. त्यांनी विचारलं, ‘आज बीपीची गोई घेतली का?’ मी म्हटलं, घेतली. ते गेले.

त्यानंतरचा आठवडा आम्ही दोघं बोललो. स्वयंपाकघरात, गच्चीवर कपडे वाळत घालताना, मुलं क्लासला गेली की. ते विचारायचे, मी उत्तर द्यायची. एकदा ते म्हणाले, आता औषधं सुधारली, डॉक्टर म्हणाल्या की निभेल, तर? हा प्रश्न बरोबर होता, म्हणून मी फोन करून विचारलं. त्याच डॉक्टरीणबाई. त्या म्हणाल्या, लक्ष ठेवलं तर कदाचित निभेल, पण ठेवायचा सल्ला मी देणार नाही. मी नवऱ्याला शब्द न बदलता सांगितलं. ‘कदाचित’ या शब्दावर ते थांबले.

‘पाह्य, कदाचित म्हणते.’

‘तो कदाचित माह्या जिवाचा हाय.’

आणि इथे मी आणखी एक लिहून ठेवते, कारण ते झाकून ठेवलं तर हे सगळंच खोटं होईल. बीपी नसतं तरी मी हेच ठरवलं असतं. बीपी हे लोकांना पटणारं कारण होतं. न पटणारं कारण असं की मला नको होतं. पंधरा वर्षं मी पोरांच्या वेळापत्रकावर जगले. मग स्वतःच्या गाड्या घेतल्या, काम उभं केलं. मला पुन्हा ते रात्रंदिवसाचं आईपण नको होतं. हेही मी नवऱ्याला सांगितलं. बैठकीत नाही, घरात. त्यांना ते बीपीपेक्षा जड गेलं. पण त्यांनी ऐकलं, आणि दोन दिवसांनी म्हणाले, ‘मी येतो संगं अमरावतीले.’

अमरावतीला जाताना गाडी मी चालवली. दवाखाना आता मोठा झाला होता, खाली गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून ते गाडीतच थांबले आणि मी वर गेले. काउंटरवर एक सिस्टर होत्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी कागद पुढे केला.

‘मिस्टर कुठे आहेत?’

‘खाली.’

‘बोलवा. इथे त्यांची सही लागेल.’

‘माझी एकटीची पुरते.’

‘मॅडम, आमच्याकडे अशीच पद्धत आहे. आणि ते तर खालीच आहेत ना? एक मिनिटाचं काम.’

खरंच एक मिनिटाचं काम होतं. फोन केला असता तर ते वर आले असते, सही करून गेले असते, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. मी सकाळपासून उपाशी होते, कंबर दुखत होती.

‘नाही बोलवणार,’ मी म्हटलं.

‘का पण?’

‘लागत नाही म्हणून.’

त्या म्हणाल्या, मग डॉक्टर थिएटरमधून येईपर्यंत थांबा. मी थांबले. समोरच्या भिंतीवर, इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, असा बोर्ड होता. त्याच्याखाली बाकावर एक तरुण मुलगी आणि तिची सासू बसल्या होत्या. मुलगी काहीच बोलत नव्हती. तिच्या वाटचं सगळं सासूच सांगत होती, अगदी शेवटची पाळी कधी आली तेसुद्धा.

मला माझी एक विद्यार्थिनी आठवली. गाडी शिकताना बायका खरं बोलतात, कारण समोर बघावं लागतं, शेजारणीच्या डोळ्यांकडे बघायला फुरसत नसते. ही मुलगी नवी लग्न झालेली, अकोल्यातच नोकरीला. एक दिवस चांगली चालवता चालवता तिनं मधेच गाडी बंद पाडली. म्हणाली, ‘मॅडम, मागच्या महिन्यात माझं पाडलं.’ तिला हवं होतं. नवरा म्हणाला, आत्ता नको, आधी फ्लॅट होऊ दे. सासरे म्हणाले, मुलगा म्हणतो तर बरोबरच म्हणत असेल. दवाखान्यात त्यानं सही केली आणि सिस्टरनं तिला म्हटलं, तुमच्या मिस्टरांनी केलीये, आता तुम्ही करा. तिनं केली. मागून हॉर्न वाजत होते. मी म्हटलं, वाजू दे. ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली.

बापाला निर्णयात वाटा द्या म्हणणारी माणसं नेहमी माझ्या नवऱ्यासारखा बाप डोळ्यांपुढे आणतात. पोर हवं असलेला, डोळ्यांत पाणी असलेला. त्या मुलीचा नवराही बापच होता. तो वाटा एकदा दिला की दोघांनाही द्यावा लागतो. म्हणून खाली गाडीत बसलेल्या, सही करायला तयार असलेल्या माझ्या नवऱ्याला मी वर बोलावलं नाही.

पण उशीर झाला म्हणून गाडी लांब कुठेतरी लावून ते स्वतःच वर आले.

‘काय झालं? काहून बसून राहिली?’

‘सर, तुमची सही हवी आहे,’ सिस्टर तत्परतेनं म्हणाल्या. ‘मॅडम बोलवायला तयार नाहीत.’

‘एवढंच ना? द्या मंग पेन.’

‘नका करू,’ मी म्हटलं.

‘अव पण आता त मी तयार हाओ!’

‘म्हणूनच नका करू.’

सिस्टर आलटून पालटून आमच्याकडे बघत राहिल्या. सही करणार नाही म्हणून भांडणारे नवरे त्यांनी पुष्कळ पाहिले असतील. करतो म्हणणारा नवरा आणि करू नका म्हणणारी बायको बहुधा पहिल्यांदाच. बाकावरची सासू मधे पडली. ‘अव बाई, देवमाणूस भेटला तुले, करू दे ना बिचाऱ्याले.’

‘आजी, बिचारा हाय म्हणून नाई, देवमाणूस हाय म्हणूनही नाई,’ मी म्हटलं. ‘लागतच नाई.’

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. केस पांढरे झाले होते, चाल तीच. त्यांना सगळं सांगायलाही लागलं नाही, काउंटरवरचा कागद बघून त्यांनी ओळखलं.

‘सज्ञान बाई आहे,’ त्या सिस्टरना म्हणाल्या. ‘तिची सही पुरे. कायदाच तो आहे. कितीदा सांगितलं?’

‘मॅडम, नंतर घरची माणसं येऊन आमच्याशी भांडतात,’ सिस्टर म्हणाल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. काउंटरवर शिव्या त्यांनाच खाव्या लागतात.

‘भांडायला आले की माझ्याकडे पाठवा.’

त्यांनी नवऱ्यासाठीच्या रेघेवर पेनानं आडवी काट मारली. मी सही केली. बाकावरची ती तरुण मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

दुपारनंतर मला सोडलं. परत येताना गाडी त्यांनी घेतली. मी सीट मागे करून पडले होते. पोटात कळ येत होती, सोसण्यासारखी. बडनेरा मागे पडलं. दोन्ही बाजूंना तुरीची वावरं होती. ते म्हणाले, ‘एक सही केली असती त मलेही वाटलं असतं का मी होतो त्याच्यात.’

मी सीट सरळ करून बसले. असल्या वाक्याला पटकन उत्तर देणं बरं नव्हे.

‘तुमी होते,’ मी म्हटलं. ‘सकाळपासून होते. हप्ताभर होते. त्याले सही लागत नाई.’

त्यांनी मान हलवली. मग गाडी जरा भरकटल्यासारखी झाली, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, समोरचं दिसत नव्हतं.

‘बाजूले घ्या गाडी,’ मी म्हटलं. ‘रडाचं असन त रडून घ्या. मंग जाऊ.’

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि रडले. मोठ्यानं, खांदे हलवून, बाप गेल्यावर रडले होते तसे. मी शेजारी बसून राहिले. मला रडू येत नव्हतं, आणि येत नसलेलं ओढून आणायची मला सवय नाही. त्यांची समजूतही काढली नाही. आवरा म्हटलं नाही, हे बरंच झालं असंही म्हटलं नाही. ते दुःख त्यांचं होतं. ते किती करायचं, कसं करायचं आणि कधी थांबवायचं, हे त्यांनीच ठरवायचं होतं.